उपेक्षेचे दोन अर्थ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायाच्या अखेरीस, वैद्याची वृत्ती चार शब्दांत सांगितली आहे : मैत्री, कारुण्य, प्रीती आणि उपेक्षा. सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी कारुण्य, ज्याचा आजार बरा होण्याजोगा आहे त्याच्याविषयी प्रीती आणि जो मरणाच्या वाटेला लागला आहे त्याच्याविषयी उपेक्षा. मराठी वाचक पहिल्या तीन शब्दांपाशी मान डोलावतो आणि चौथ्यापाशी अडखळतो. मरणाऱ्याची उपेक्षा? आपल्या रोजच्या बोलण्यात उपेक्षा म्हणजे हेळसांड. म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा होते, दुष्काळी तालुक्याची होते. संस्कृतातही हा अर्थ आहेच. पण दर्शनांच्या परिभाषेत या शब्दाला दुसरी, मोठी जागा आहे. त्याच्या पोटात पाहण्याचा धातू आहे. समोर जे चालले आहे त्याच्याकडे नीट पाहायचे, नजर काढून घ्यायची नाही, आणि तरीही त्यात वाहून जायचे नाही, ही ती उपेक्षा. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्त प्रसन्न राखण्याचे उपाय म्हणून मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या जोडीला ती येते. बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांतही तिचे स्थान शेवटचे आणि सर्वांत अवघड. एकाच शब्दाने नजर न हटवणेही सांगितले जाते आणि पाठ फिरवणेही. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या घडणीचा सगळा पेच या एका शब्दात मावतो असे मला वाटते.

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या अंगी कामाविषयीची योग्य वृत्ती कशी बाणवावी, त्यांना व्यवसायासाठी तयार कसे करावे, ही चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला उपदेश असतो : सेवाभाव ठेवा, रुग्णात देव पाहा. दुसऱ्या टोकाला कौशल्यांची यादी असते : अमुक इतकी बाळंतपणे पाहिली, अमुक इतके टाके घातले. या दोन्हींच्या मधली गोष्ट तशीच राहून जाते. उपेक्षा शिकल्यावाचून डॉक्टर होता येत नाही. जो विद्यार्थी प्रत्येक विव्हळण्याने कोसळतो, त्याच्या हातून सुई नीट लागत नाही. तेव्हा उपेक्षा हवी की नको हा प्रश्नच नाही. दोहोंपैकी कोणती उपेक्षा त्याच्या हाडीमाशी खिळते, आणि ती कोण खिळवते, हा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की ती वर्गात ठरत नाही आणि एकट्या विद्यार्थ्याच्या मनातही ठरत नाही. ती वॉर्डात, वरच्यांच्या रोजच्या वागण्यातून ठरते. म्हणून वृत्तीचा पहिला जाब शिक्षकाला विचारला पाहिजे.

या शिक्षणाची सुरुवात शवविच्छेदनाच्या टेबलापाशी होते. पहिल्या वर्षाची मुले-मुली फॉर्मेलिनच्या वासाने डोळे चोळत उभी असतात. समोर कोणीतरी देहदान केलेला, क्वचित कोणी बेवारस. पहिल्या दिवशी हात थरथरतो. पंधराव्या दिवशी त्याच टेबलाशी उभे राहून दुपारी कॅन्टीनला काय खायचे ते ठरते. हा बदल वाईट नाही. तो न झाला तर शरीर शिकताच येणार नाही. पण त्या पंधरा दिवसांत मनाने कोणती वाट धरली, हे मात्र तपासून पाहण्यासारखे असते. २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसला जो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे वेगळे पाठ आले. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, हे त्यांतले विषय. आणि मृतदेह हा आपला पहिला गुरू, हाही त्यांतलाच एक पाठ. हे पाठ आले याचे मनापासून स्वागत करायला हवे. टेबलावरच्या देहाला गुरू म्हणताना विद्यार्थी तो देह कापायचे थांबवत नाही, पण त्याला नुसता माल समजण्याची वाट बंद होते. मोठ्या अर्थाच्या उपेक्षेची पहिली तालीम तिथेच होते.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात उपेक्षेच्या या दोन रूपांबद्दल फार सूक्ष्म विचार केला आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली सिद्ध केली. बुद्धघोष सांगतो की प्रत्येक सद्भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू उघड असतो. उपेक्षेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि चीड. जवळचा शत्रू मात्र तिच्यासारखाच दिसतो, म्हणून घरात शिरतो. आणि उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. बाहेरून दोघींचा चेहरा सारखाच : शांत, न डगमगणारा. एकीने सगळे पाहिलेले असते, दुसरीने पाहायचे सोडून दिलेले असते. १८८९ साली विल्यम ऑस्लरने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांपुढे जे प्रसिद्ध भाषण केले, त्याचा विषयही हाच समभाव होता. डॉक्टराने विचलित होता कामा नये, हे त्याने आग्रहाने मांडले. पण हाच ऑस्लर विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या दालनातून उचलून रुग्णाच्या खाटेशी घेऊन जाणारा शिक्षक होता. पुढच्या पिढ्यांनी न डगमगणे उचलले आणि खाटेशी बसणे मागे राहिले, तर जवळच्या शत्रूला दार उघडे मिळाले असे म्हणावे लागेल.

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे, याला मोजमापाचाही आधार आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरझा होजत आणि सहकाऱ्यांनी दोन तुकड्यांच्या विद्यार्थ्यांची सहसंवेदना वर्षानुवर्षे मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की पहिली दोन वर्षे ती टिकते आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठळकपणे घसरते. तिसरे वर्ष म्हणजे तिथे वॉर्डात जाण्याचे वर्ष. पुस्तकांमध्ये असताना जी टिकली, ती माणसांमध्ये गेल्यावर ओसरली. या निष्कर्षावर आक्षेप घेतले गेले आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत : विद्यार्थ्यांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीवरून सहसंवेदना कितपत कळते, आणि दिसलेली घट खरोखर तेवढी मोठी आहे का. मला यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही, घसरणीची वेळ महत्त्वाची वाटते. समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी याने १९९०च्या दशकात वैद्यकीय शिक्षणातल्या छुप्या अभ्यासक्रमाकडे लक्ष वेधले होते. छापील अभ्यासक्रम एक सांगतो आणि संस्थेचा रोजचा रिवाज दुसरेच शिकवतो, हे त्याचे म्हणणे. घसरण नेमकी वॉर्डाच्या उंबरठ्यावर सुरू होत असेल, तर त्या रिवाजाकडेच बोट जाते.

हा रिवाज जवळून पाहावा. सरकारी रुग्णालयातला मेडिसिनचा वॉर्ड, सकाळचा राऊंड. वरिष्ठ पुढे, मागे रेसिडेंट, त्यांच्यामागे इंटर्न, सर्वांत मागे वह्या घेतलेले विद्यार्थी. 'चौदा नंबर काय आहे?' असा प्रश्न येतो. 'सर, सिरोसिस, काल टॅपिंग केलं,' असे उत्तर जाते. चौदा नंबरच्या खाटेवरचा माणूस दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहतो. त्याच्या उशाशी स्टीलचा डबा असतो, पायथ्याशी बायको केसपेपर छातीशी धरून उभी असते, कारण तो हरवला तर आपल्याला कोणी ओळखणार नाही अशी तिला भीती असते. राऊंड पुढे सरकतो. कोणी वाईट बोललेले नसते, कोणाचा हेतू वाईट नसतो, उपचारही बरोबर असतो. मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याने मात्र या दीड मिनिटात धडा घेतलेला असतो : इथे आजाराचे नाव घ्यायचे असते, माणसाचे नाही. दुसऱ्या युनिटचा वरिष्ठ त्याच दीड मिनिटात केसपेपरवरचे नाव वाचून हाक मारतो, पोटाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊबदार करतो आणि जाता जाता बायकोला सांगतो, 'आज पाणी काढायचं नाही, भाकरी खाल्ली तरी चालेल.' वेळ तेवढाच, उपचारही तोच. या वरिष्ठाच्या मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने दुसरी उपेक्षा पाहिली. वॉर्डातल्या मामा-मावशींना विचारले तर कोणत्या युनिटचे इंटर्न कसे निघणार हे ते जूनमध्येच सांगतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अभ्यासाची थोरवी गायली आहे. अभ्यासाला दुष्कर असे काही नाही. अभ्यासाने विषदेखील माणसाच्या आहारी पडते, असा त्यांचा दाखला आहे. आपण तो उत्साहाने सांगतो, कारण अभ्यास चांगल्या गोष्टीचाच असतो असे आपण गृहीत धरतो. पण विष पचवण्याचे सामर्थ्य अंगी येते, तेव्हा ते कोणते विष आहे हे शरीर विचारत नाही. रात्री तीन वाजता सलाईन लावताना एखाद्या म्हातारीवर खेकसणे पहिल्या वेळी घशाशी येते, दहाव्या वेळी पचते, पन्नासाव्या वेळी कळतही नाही. अभ्यास दोन्हीकडे सारख्याच इमानाने काम करतो. हे मान्य केले, की 'मुलांमध्ये मुळातच सेवाभाव राहिलेला नाही' ही तक्रार पोकळ वाटू लागते. त्यांनी अभ्यास केलेलाच आहे. जे रोज समोर होते त्याचा केला आहे.

यावर पहिला आक्षेप गीतेतूनच निघतो. प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, निग्रहाने काय होणार, असे तिसरा अध्याय म्हणतो. व्यवहारातही हेच ऐकू येते : ज्याचा मूळ स्वभाव कनवाळू तोच चांगला डॉक्टर होतो, बाकीच्यांना शिकवून उपयोग नाही, तेव्हा प्रवेशाच्या वेळीच पारख करा. या आक्षेपाच्या बाजूने एक भक्कम पुरावाही आहे. अमेरिकेत मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले की ज्या २३५ डॉक्टरांवर पुढे वैद्यक मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली, त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदींत गैरवर्तन आढळण्याची शक्यता तुलनेसाठी घेतलेल्या इतर डॉक्टरांच्या तिप्पट होती. म्हणजे पाळण्यातच पाय दिसले होते. पण त्या नोंदींत सर्वांत बोलके काय निघाले, ते पाहावे : कमालीचा बेजबाबदारपणा, आणि चूक दाखवल्यावर सुधारण्याची असमर्थता. आता कोणीतरी चूक दाखवली तरच सुधारण्याची संधी मिळते. वागणे दिसले, त्याची नोंद झाली, आणि मुलगा पास होऊन बाहेर पडला. हा पुरावा जितका स्वभावाविषयी बोलतो, तितकाच पाहूनही न बोलणाऱ्या शिक्षकांविषयी बोलतो. तीच गीता सहाव्या अध्यायात, मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे हे कबूल करून, त्यावर अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगते. प्रकृतीचे बळ मोठे आहे हे खरे, म्हणूनच अभ्यासाची तजवीज संस्थेने करायची असते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. छत्तीस तास जागलेल्या रेसिडेंटला करुणेचे धडे देणे हाच अन्याय नाही का? साठ खाटांच्या वॉर्डात नव्वद रुग्ण, जमिनीवर गाद्या, रक्ताच्या बाटलीसाठी धावाधाव, आणि कोणी दगावले की नातेवाइकांचा जमाव अंगावर. महाराष्ट्राला डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सगळे आले. परिस्थिती सुधारा, वृत्ती आपोआप सुधारेल, असे हे म्हणणे. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेत केलेला आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅट्सन यांचा प्रयोग याला दुजोरा देतो. पाद्री होऊ पाहणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषणासाठी पाठवले. काहींचा विषय वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलमधली कथा हाच होता. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांतले १० टक्केच थांबले. दयेच्या कथेवर बोलायला निघालेला माणूस घाईत त्या कण्हणाऱ्याला ओलांडून पुढे गेला. विषय डोक्यात होता, पायांना घाई होती. म्हणून विद्यार्थ्यांच्या वृत्तीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक संस्थेने आधी आपल्या ड्यूटीचे वेळापत्रक पुढे ठेवावे. निवासी डॉक्टरांच्या सलग कामाला बारा तासांची मर्यादा १९९२च्या केंद्रीय योजनेने घातली होती. ती कागदावरच राहणे हा वृत्तीच्या शिक्षणातला सर्वांत मोठा धडा आहे, आणि तो रोज दिला जातो.

एवढे मान्य करूनही आक्षेपाचा शेवटचा भाग मला पटत नाही. परिस्थिती बदलली की वृत्ती आपोआप येईल, असे नसते. मोकळ्या वेळेच्या, वातानुकूलित खोलीतही रुग्णाकडे न पाहता संगणकाकडे पाहून बोलणारे डॉक्टर असतात, आणि गडचिरोलीच्या उन्हात, अपुऱ्या साधनांत, रुग्णाची भाषा शिकून घेणारेही असतात. घाई माणसाला त्याच्या सवयीकडे ढकलते, हा मी प्रिन्स्टनच्या प्रयोगाचा अर्थ घेतो. विचार करायला वेळ नसतो तेव्हा हात जे शिकलेला असतो तेच करतो. नाव घेऊन हाक मारायला, पडदा ओढायला, सुई टोचण्याआधी 'आता थोडं दुखेल' म्हणायला वेगळा वेळ लागत नाही. लागतो तो घोटून घेतलेला अभ्यास. त्यामुळे घाईच्या जागी काम करणाऱ्यांना अभ्यासाची गरज अधिक, कमी नव्हे.

मग आत काही न वाटता नुसते नाव घेऊन हाक मारणे हा देखावा झाला, असा तिसरा आक्षेप येतो. मराठी माणसाला याचे उत्तर परके वाटू नये. वारीच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिल्या पावलापासून भाव दाटलेला असतो असे नाही. पाय चालतात, तोंड नाम घेते, मन आपल्या गतीने मागून येते. आपल्या परंपरेने क्रियेला भावाची वाट पाहत बसवलेले नाही. क्रियेच्या मागे भावाला यायला लावले आहे. ॲरिस्टॉटल जेव्हा म्हणतो की न्यायाची कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो, तेव्हा तो याहून वेगळे सांगत नाही. शिवाय रुग्णाच्या बाजूने पाहिले तर प्रश्नच निराळा होतो. पोटावर ठेवला जाणारा हात ऊबदार आहे की गार, हे त्याला लगेच कळते. तो हात ऊबदार का, हे त्याने विचारायचे कारण नाही.

आता व्यवसायाच्या तयारीकडे यायला हवे, कारण वृत्ती या शब्दालाही दोन अर्थ आहेत : मनाचा कल आणि उपजीविका. भिक्षुकी ही वृत्ती, आणि समाधान हीही वृत्ती. चरकाने वैद्याची वृत्ती म्हटले तेव्हा पोट भरण्याचे साधन आणि मनाची ठेवण यांना एकच नाव चालत होते. आपल्या शिक्षणाने ती दोन खात्यांत टाकली. मनाचा कल म्हणजे अधूनमधून होणारा पाठ आणि लॉगबुकातली सही. उपजीविका म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतला क्रमांक. इंटर्नशिपचे वर्ष खरे तर दोन्ही अर्थ एकत्र येण्याचे वर्ष. पहिल्यांदा विद्यावेतन हाती येते, पहिल्यांदा रुग्ण 'डॉक्टर' म्हणून हाक मारतो. याच वर्षात मुले सही करून ग्रंथालयात जातात, कारण पदव्युत्तर जागा उमेदवारांच्या मानाने कमी आहेत आणि प्रवेश ठरतो बहुपर्यायी प्रश्नांवर. त्यांना दोष देणे मला जमत नाही. ज्या तराजूत आपल्याला तोलले जाणार, त्यातलेच वजन माणूस वाढवतो. पण मग कॉलेजातून जो बाहेर पडतो तो परीक्षेला तयार असतो, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या पहिल्या रात्री, सर्पदंशाच्या रुग्णासोबत आलेल्या पंधरा माणसांसमोर उभे राहायला तयार नसतो. तिथे लागणारी तयारी मनाच्या ठेवणीची असते : आपल्याला काय येते, काय येत नाही, हे न घाबरता सांगणे आणि सांगूनही हातातले काम चालू ठेवणे. हीच ती मोठ्या अर्थाची उपेक्षा. उपजीविकेच्या पहिल्याच रात्री तिची गरज पडते.

हे संस्थेच्या रचनेत आणता येते याचा दाखला विदर्भातच आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे नवी तुकडी सुरुवातीचे काही दिवस आश्रमात राहते, श्रमदान करते, आणि पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. यातून निघणारा प्रत्येक डॉक्टर निराळाच निघतो असा दावा मी करणार नाही. पण तिथे विद्यार्थी रुग्णाला खाटेवर पाहण्याआधी त्याच्या अंगणात पाहतो. चौदा नंबरच्या माणसाला घर आहे, शेत आहे, कर्ज आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. २०२१च्या तुकडीपासून देशभरच्या महाविद्यालयांत आलेली कुटुंब दत्तक योजनाही याच दिशेची आहे. ती फॉर्म भरण्यापुरती उरते की नाही, ते सोबत जाणारा शिक्षक ओट्यावर बसतो की गाडीत थांबतो यावर अवलंबून राहील.

२०२२ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हिपोक्रेटसची शपथ घ्यावी की चरकाची, यावर देशात मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंनी अभिमान आणि राजकारण पुष्कळ आले. चरकाची शपथ प्राचीन आहे एवढ्यावरून ती जशीच्या तशी घेता येणार नाही. राजाच्या शत्रूवर उपचार करू नयेत, पती किंवा पालक जवळ नसलेल्या स्त्रीवर करू नयेत, असेही तिथे सांगितले आहे, आणि आजचा कोणताही डॉक्टर ते मानणार नाही, मानूही नये. पण त्या वादात सुश्रुतसंहितेतली एक गोष्ट कुणी पुढे आणायला हवी होती. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, शिष्याला अग्नीसमोर नियम सांगून झाल्यावर, गुरू स्वतःलाही बांधून घेतो : तू नीट वागत असताना मी तुझ्याशी अन्यथा वागलो, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो. आपल्या पांढऱ्या कोटाच्या समारंभात विद्यार्थी उभे राहून शपथ घेतात, पालक मोबाइलवर चित्रण करतात आणि शिक्षक व्यासपीठावर बसून ती ऐकतात. शिक्षकांनी खुर्च्यांवरून उठावे, आणि त्या मुलांच्या तोंडाकडे पाहत, त्यांच्या पालकांसमोर, सुश्रुताच्या गुरूचे ते एक वचन आपापल्या मराठीत म्हणावे. दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंड असतोच, आणि चौदा नंबरच्या खाटेवर कोणीतरी असतेच.